वरच्या फळीवरचा डबा

झाकण अजून त्याच्या मुठीतच होतं. पत्र्याचं, मधोमध जरा दबलेलं, आतल्या कडेला पांढरी पूड चिकटलेली… डॉक्टरीणबाईंनी त्यावरचं पुडीचं नाव वाचलं, झाकण परत दिलं आणि त्या कामाला लागल्या. टेबलावर त्याचा कुत्रा भुंग्या आडवा. पुढच्या पायात सुई, सुईला नळी, नळीतून थेंब थेंब साखरेचं पाणी.

साखरेचं! बायकोला मधुमेह निघाला तेव्हा साखर घराबाहेर गेली ती गेलीच. तिच्या चहापुरती ही पूड तेवढी आली. गोड, पण साखर नव्हे. म्हणजे बाधणार नाही, असा त्याचा सरळ हिशेब. बायको वारल्यापासून भुंग्या तिच्या खुर्चीखालून हलत नव्हता, ताटलीला तोंड लावत नव्हता. म्हणून आज सकाळी दुधात पाव कुस्करला आणि वर ही पूड… दोन चमचे, की तीन? जन्मभर शिंपीकाम केलं, लोकांची बोटा-बोटाची मापं घेतली, आणि चमचे मोजले नाहीत. भुंग्यानं ताटली चाटूनपुसून लख्ख केली. किती बरं वाटलं होतं! मग तो ओकला. मग उभा राहायला गेला तर मागचे पाय फेंगडे झाले, जमिनीवर बसलाच…

"हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि तसेच इकडे या," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. घरात चिमूटभर साखर नाही. तो शेजारच्या दारावर थापा मारत सुटला.

"साखर? तुम्हाला? आज सूर्य कुठून उगवला, काका?" शेजारीण हसली, मग त्याचा चेहरा पाहून अख्खी बरणीच घेऊन धावली. तिनंच गाडी काढली.

"आजोबा, माणसाला हे चालतं, कुत्र्याला विष," डॉक्टरीणबाई आता सांगत होत्या. "त्याचं शरीर फसतं. रक्तातली साखर एकदम उतरते."

"पण जगेल ना?"

"आज सावरला तरी यकृताचं उद्या-परवा कळेल. आत्ता कसलीच खात्री देत नाही."

डब्याचं झाकण उघडताना टक् वाजलं की भुंग्या स्वयंपाकघरात हजर व्हायचा. "चल हट, हे तुझं नाही," बायको म्हणायची, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढून डबा वरच्या फळीवर ठेवायची. रोज. "एवढी कसली चिक्कू तू? चाटू दे की कणभर," तो म्हणायचा. त्यावर ती हसायची नाही… इतर सगळ्यावर हसायची, त्यावर नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं? मग बोलली का नाही? की बोलली, आणि मी मशीन चालवत नुसतं हं हं केलं?

इतके दिवस तो जिच्यासाठी रडत होता ती त्याला तोंडपाठ होती. आता वाटलं, फळीवर ती आणखी काय काय ठेवून गेली असेल, आणि आपण हात घालत सुटलोय…

अंगठा नकळत दाबला गेला. दबलेला पत्रा टक् वाजला.

भुंग्याचा कान हलला. हलला, की पंख्याचा वारा? पुन्हा दाबलं असतं तर कळलं असतं. त्यानं अंगठा तसाच धरून ठेवला, पत्र्याला टेकवून, न दाबता.