मामाजींची उकळी

सासऱ्यांचा, म्हणजे डोमाजींचा, सोवळेपणा हा प्रणालीच्या डोक्याला लग्नापासूनचा ताप होता. अंजनगावच्या त्या पानमळ्यात पाय ठेवायचा तर आधी आंघोळ, चपला कुंपणाबाहेर, आणि साप निघाला तरी त्याला मारायचं नाही, कारण ही नागवेल आणि तो तिचा राखणदार. आंबलेलं, नासलेलं तर वेशीपर्यंतही नाही. एकदा तिच्या डब्यात ताक निघालं म्हणून सासऱ्यांनी तिला बांधावर बसवून जेवायला लावलं होतं. बरं, एवढं सोवळं पाळून बुरशी थांबली का? मुळं कुजत होती, ओळीमागून ओळ माना टाकत होती. आजेसासऱ्यांपासून ह्याच वेलीचं बेणं पुढे चालत आलेलं. ही मेली की संपलं, आणि तिचा नवरा सागर तर त्या जागी लावायला संत्र्याची कलमं सांगूनही आला होता.

प्रणालीला ते बघवेना. ती अकोल्याला जाऊन शेती सल्लागार सरांकडून जीवाणूंची बाटली घेऊन आली. मुळांभोवती हे जीवाणू वस्ती करतात आणि बुरशीला जागाच देत नाहीत, असं सरांनी समजावलं होतं. गुळाच्या पाण्यात ते वाढवायचे आणि बुडाशी ओतायचे. पिंपातल्या पाण्याला आंबूस वास सुटला तसा डोमाजींनी नाकाला गमचा लावला.

"हे आंबलेलं मळ्यात नाई जाऊ देत मी."

"मामाजी, औषध आहे ते!"

वाद झाला, आणि सासरे चक्क ऐकले. "ठीक आहे, पन वेलीले मीच घालीन." प्रणालीला तेव्हाच शंका यायला हवी होती. डोमाजी कधी इतक्या लवकर ऐकतात काय!

पावसाळा सरला. तिने पिंपं भरली, डोमाजींनी पहाटे ओतली, आणि वेली खुशाल मरत राहिल्या. शेवटी कोपऱ्यातल्या मोजक्या ओळी उरल्या. प्रणाली पेटलीच. पहिल्या गाडीने अकोल्याला जायचं आणि मेलेली वेल सरांच्या टेबलावर आपटायची, असं ठरवून ती उजाडताच मळ्यावर पोचली.

कुंपणाशी धूर. चुलीवर मोठा हंडा, त्यात तिचं गुळाचं पाणी खदखदतंय, आणि डोमाजी पळीने ढवळताहेत.

"हे काय करून राहिले तुमी?"

"एक उकळी देऊन देतो. सोवळं होते, मंग थंडं करून घालतो." म्हातारा शाबासकीच्या अपेक्षेने हसला. "पह्यल्या दिवसापासून असंच करतो."

प्रणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषध खोटं म्हणून सरांना फोनवर काय काय बोलली होती ती! तिने कपाळावर हात मारला.

"अहो मामाजी, जित्ते होते ते! त्याईच्यानंच वेल वाचनार होती. सारे उकळून मारले तुमी!"

पळी हंड्यात पडली. "जित्ते?"

"लाखो!"

"या मळ्यात मी सापाले काठी नाई लावली, पोरी." डोमाजींचा आवाज चिरकला. "मंग औषध औषध काहून म्हनत होती? जित्ते हायेत हे सांगतलं काहून नाई?"

जंतू म्हटलं असतं तर त्यांनी पिंपच ओतून दिलं असतं, ह्या भीतीने तिने तो शब्द गिळला होता. तिला त्यांचा राग आला आणि स्वतःचा जास्तच आला. ती तणतणत अकोल्याच्या गाडीत बसली. वेल आपटायला नव्हे, दुसरी बाटली मागायला.

मग डोमाजींनी नवाच वात आणला. पिंपाला स्वतः सावली केली. सागर जवळून गेला तरी ओरडायचे. "झाकन हळू काढ!" म्हणून प्रणालीला दिवसभर टोकायचे. तिने हात टेकले.

थंडी ओसरल्यावर एका सकाळी ते कोपऱ्यातल्या वेलीपाशी उकिडवे बसले आणि बोटाने माती बाजूला केली. पांढरी शुभ्र नवी मुळी होती. प्रणालीही शेजारी वाकली. सागरला सांगायला हवं, कलमं नको म्हणून. आता तरी म्हातारा दोन शब्द बरे बोलेल असं तिला वाटलं.

डोमाजींनी माती हलकेच परत लोटली.

"काल गूळ घालाले उशीर केला तू," ते खेकसले. "उपाशी राह्यले असतीन ना ते."