खोडाला बांधलेला सापळा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी सापळा आहे. मागे सरू नका, आता माझी स्प्रिंग गेली आहे. पूर्वी माझा जबडा मिटला की हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत जाई. लोहाराने ठोकून ठोकूनच घडवलं मला, मग स्वभाव तापट होणार नाही तर काय!

मी कामाला लागलो एका रोपबागेत. तिथे निळ्या फुलांचं एक झुडूप होतं. बागेच्या बाई शाळेच्या मुलांना त्याच्यापाशी आणून समजावत, "हे झुडूप आणि ती भिंतीवरची खार, दोघंही सजीव, दोघांचंही शरीर पेशींचं. पुढे वाटा वेगळ्या. झुडूप वनस्पतींतलं, सपुष्प, द्विदल. खार प्राण्यांतली, कणा असलेली, सस्तन, कुरतडणाऱ्यांच्या गणातली. खारी चिक्कार आहेत, त्यांची काळजी नाही. झुडूप मात्र अतिधोक्यात. रानातून संपलं, हे एवढं एकच उरलंय."

त्या वर्षी झुडपाला पहिल्यांदाच शेंगा धरल्या आणि खारी त्या कुरतडू लागल्या. माळीकाकांचं डोकं फिरलं. शेंगदाणा लावून त्यांनी मला मांडलं. मी एक खार मारली, मग दुसरी. घाव मानेवरच बसे, रक्त माझ्या दातांत वाळे. काका मला मायेने पुसत. मला भारी मिजास चढली होती.

तिसरी दांडगी निघाली. शेपटी अडकली तरी मला कुंपणापर्यंत फरफटत नेलं तिने, आणि निसटली. म्हणून काकांनी मला तारेने झुडपाच्या खोडालाच बांधलं.

बाई म्हणाल्या, "काका, वेगळी खुंटी ठोका ना."

"खुंटीने मुळं दुखावतील, बाई. मी काय आज माळी झालोय का?"

पुढची खार मागच्या पायाने सापडली. मरेना. किंचाळत, मला ओढत ती खोडाभोवती गरगर फिरली. प्रत्येक हिसक्याला तार सालीत रुतत गेली. शेवटी स्वतःचाच पाय कुरतडून ती सुटली. पाय माझ्या तोंडात राहिला.

काका आले तेव्हा खोडाची साल चहूबाजूंनी सोलली गेली होती. ते गुडघ्यांवर बसून जखमेवर ओली माती थापत राहिले. काही उपयोग झाला नाही. पानं वाळली, शेंगा कोवळ्याच गळाल्या, एकही बी भरलं नव्हतं. काकांनी मला दगडावर आपटलं, पुन्हा पुन्हा आपटलं, आणि मग तिथेच बसून रडले.

मित्रांनो, मला हवं तेवढं रागवा. पण ज्याला जगवायचं आहे, त्याच्याच अंगाला मारायचं हत्यार बांधू नका. त्या जातीचं झाड आता जगात कुठेही नाही.