बेबाबाई तुमच्या कोण?

मेकॅनिकने घरघंटीचं झाकण बसवलं, फडक्याला हात पुसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, दळण घरचंच असतं ना?"

लिलाबाईंनी खरं सांगितलं. पुढची दीड वर्षं त्या वाक्याने त्यांची पाठ सोडली नाही. पण बत्तीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून रजिस्टरं भरलेली बाई ती; कोणी विचारलं की आहे ते सांगायचं, हे अंगवळणी पडलेलं. "घरचं असतं, गल्लीतलंही असतं," त्या म्हणाल्या. "ज्वारी, ज्वारी-उडदाचा कळणा, लहान पोरांसाठी भाजलेली नागली."

मेकॅनिकने मान डोलावली, दाराबाहेर जाऊन 'येथे दळण दळून मिळेल' या पाटीचा मोबाइलवर फोटो काढला आणि पावतीवर लिहिलं: व्यावसायिक वापर, वॉरंटी लागू नाही. मग खाली बोट ठेवून म्हणाला, "इथे सही करा." लिलाबाईंनी सही केली नाही. तेवढं एक शहाणपण त्या दिवशी झालं.

घरघंटी त्यांनी स्वतः विकत घेतलेली नव्हती. धाकटा भाऊ पितांबर जळगावला पाइपच्या कारखान्यात फोरमन. अक्का रिटायर झाली तेव्हा तो म्हणाला होता, तू काही नुसती बसायची नाहीस, मला माहीत आहे. त्याने जळगावच्या दुकानातून मशीन घेतलं आणि टेम्पोत घालून पिंपळनेरला पाठवलं. लिलाबाई एकट्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी सुरतला नांदत होती. दळणावर त्यांचा घरखर्च निघू लागला, आणि दिवसभर दारात कोणीतरी डबा घेऊन उभं राहू लागलं, ते त्यांना जास्त आवडायचं.

तीन महिन्यांनी शेजारच्या बेबाबाईला नागलीच्या पिठात चकाकणारं काहीतरी दिसलं. बेबाबाई रोज दुपारी चाळणी घेऊन यायची. तिला कोणी बोलावलेलं नव्हतं, कोणी काही देत नव्हतं. तिचं स्वतःचं दळण तेवढं फुकट व्हायचं, आणि चाळता चाळता दोघींच्या गप्पा व्हायच्या. तिने तो तुकडा नखावर घेतला. सुईच्या टोकाएवढा, पण लोखंडाचा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन सापडले. ते पीठ सात महिन्यांच्या एका बाळासाठी होतं. लिलाबाईंनी सगळं पीठ उकिरड्यावर नेऊन टाकलं, दळण बंद ठेवलं, तुकडे कागदाच्या पुडीत बांधले आणि दुकानाला फोन केला. मग आला तो मेकॅनिक.

लिलाबाई आधी जळगावला गेल्या. पिंपळनेरहून साक्री, धुळे, तिथून पुढे पारोळा, एरंडोल करत जळगाव, दुपार उलटली. स्टँडवर पितांबर आला होता. दुकानाचे मालक हितेंद्रशेठ यांनी दोघांना चहा पाजला.

"मावशी, ही घरगुती वापराची मशीन आहे," ते म्हणाले. "तुम्ही तिच्यावर धंदा केला. कंपनी मला विचारते, मी काय सांगू?"

"लोखंड निघतंय तिच्यातून."

"धंद्याला मोठी गिरणी घ्यायची असते."

"म्हणजे घरच्या पिठात लोखंड निघालं असतं तर चाललं असतं?"

हितेंद्रशेठ हसले. "तुम्ही शब्दात पकडता. आणि मावशी, बिल भाऊंच्या नावावर आहे. तुमचा-आमचा व्यवहारच नाही तसा."

"मग मी बोलतो," पितांबर म्हणाला.

"तुम्ही वापरत नाही भाऊ. तुमची तक्रार काय?"

परतीच्या बसमध्ये लिलाबाईंना त्या चहाचाच राग येत राहिला. ज्याने घेतली त्याला तक्रार नाही, जिला तक्रार आहे तिने घेतली नाही. घरात वापरली तर वॉरंटी, पण मग पीठ इतकं चाळलंच नसतं आणि लोखंड कोणाच्या पोटात गेलं हे कळलंच नसतं.

पितांबरच्या कारखान्यातल्या एकाने सांगितलं की जळगावला यायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि एवढ्याशा रकमेला फीही नाही. लिलाबाईंनी तक्रार स्वतः लिहिली. फुलस्केपच्या चार पानांवर, समास सोडून, तारीखवार. पितांबरचं नाव दुसरा तक्रारदार म्हणून घातलं. बेबाबाईबद्दल एकच ओळ लिहिली: लोखंडाचे तुकडे प्रथम बेबाबाई यांना पीठ चाळताना आढळले. धुळ्याला जाऊन कागद दिले, पोच घेतली, आणि महिनाभरात निकाल लागेल अशा हिशोबाने घरी आल्या.

दुकानाच्या वकिलांनी पहिल्या तारखेला मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला वकीलपत्र दिलं. तिसऱ्या तारखेला त्यांची तब्येत बरी नव्हती. लिलाबाई दर वेळी पहाटेची बस धरत, दशम्या बांधून नेत, आणि बाकावर बसून पुढची तारीख घेऊन परत येत. चौथ्या खेपेला लेखी म्हणणं हातात पडलं. ते त्यांनी धुळ्याच्या स्टँडवर उभ्या उभ्या वाचलं. तक्रारदार क्रमांक एक हिने वस्तू विकत घेतलेली नाही, सबब ती ग्राहक नाही. तक्रारदार क्रमांक दोन याने वस्तू वापरलेली नाही, सबब त्याला तक्रारीचं कारण नाही. वस्तू व्यापारी हेतूने वापरली, सबब दोघेही कायद्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाहीत. आणि पुढे: तक्रारदार क्रमांक एक हिने बेबाबाई नावाची कामगार नोकरीस ठेवलेली असून तसं तिने स्वतःच मान्य केलं आहे.

"मी कधी मान्य केलं?" त्या मोठ्याने म्हणाल्या. शेजारी उभ्या माणसाने वळून बघितलं.

घरी आल्यावर ती ओळ बेबाबाईला वाचून दाखवायला नको होती. पण दिवसभराचा वैताग कोणापुढे तरी काढायचाच होता. बेबाबाई चुलीपुढे बसली होती. ऐकून तिने फुंकणी खाली ठेवली.

"माले नोकर करी टाकं?" ती म्हणाली.

"मी नही, तेस्ना वकीलनी."

"पन मन्हं नाव त तूच लिखेल शे. मी काय तुन्हाकडे कामले येस का?"

"तसं नही बेबाबाई. तुकडा तुले सापडना, म्हनून लिखं."

"तुन्ह्या कागदमा मी कोन शे, ते माले सांग."

लिलाबाईंनी कागदाची घडी घातली. कोण होती बेबाबाई? जावा नव्हेत, नात्यात नव्हेत, एका जातीच्या नव्हेत. अंगणवाडी सुरू झाली तेव्हा या बाईने आपली चार पोरं एकामागून एक तिथे आणून बसवली होती. लिलाबाईंचा नवरा गेला त्या आठवड्यात दोन्ही वेळचं जेवण तिच्या घरून आलं होतं. हे कोणत्या रकान्यात भरायचं?

दुसऱ्या दिवसापासून बेबाबाई यायची बंद झाली. बोरिंगवर भेटली तर हंडा उचलून निघून जाई.

त्याच सुमारास हितेंद्रशेठचा पितांबरला फोन आला. मिटवून टाकू म्हणाले. मावशींनी शंभराच्या स्टँपवर लिहून द्यायचं की मशीन फक्त घरच्या वापराला होती, मेकॅनिकचा गैरसमज झाला. तक्रार मागे घ्यायची. आठ दिवसांत नवीन मशीन दारात.

"दे ना लिहून, अक्का," पितांबर फोनवर म्हणाला. "एका ओळीचा प्रश्न आहे."

"खोटी ओळ आहे ती."

"कोणाचं नुकसान होतंय?"

"नव्या मशीनवर मी गल्लीचं दळण दळणारच ना? तीही बिघडली तर हाच कागद माझ्या तोंडावर मारतील. आणि का म्हणून लिहायचं? चोरी केली का मी? स्वतःच्या हाताने दळते, खाते."

"तू ना," पितांबर म्हणाला, आणि फोन ठेवला. बहीण चिडली की बोलण्यात अर्थ नसतो, हे तो लहानपणीच शिकला होता.

पुढच्या तारखेला आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी मशीन तपासायला धुळ्यातल्या तंत्रशिक्षणाच्या एका निवृत्त मास्तरांना नेमलं. मास्तरांनी पिंपळनेरला येऊन मशीन उघडलं आणि दोन ओळींत अहवाल दिला: आतलं पातं मुळातच तिरकं बसवलेलं आहे, ते जाळीला घासतं. दोष उत्पादनातला आहे. लिलाबाईंना वाटलं, संपलं. पण दुकानाचे वकील म्हणाले, दोष असेलही. प्रश्न तो नाहीच. बाई ग्राहकच नसतील तर दोषाची चर्चा करायची कशाला? स्वतःच्या पोटापाण्यासाठी मशीन वापरणाऱ्याला कायदा ग्राहक मानतो हे आम्हाला मान्य, पण त्याने ती स्वतः चालवायला हवी. माणसं कामाला लावून चालवली की तो धंदा झाला.

अध्यक्ष बाईंनी लिलाबाईंना सांगितलं, "बेबाबाईंचं प्रतिज्ञापत्र आणा. जमलं तर त्यांनाही घेऊन या."

जी बाई बोलत नव्हती तिच्याकडून प्रतिज्ञापत्र आणायचं होतं. लिलाबाई दोन दिवस घरातल्या घरात फिरत राहिल्या. न सांगावं तर वकिलांचं म्हणणं तसंच राहतं. सांगावं तर फुकटच्या दळणामुळे ती पुन्हा नोकर ठरते. असली कसली व्याख्या, की जिच्यात शेजाऱ्याने मदत केली तर माणूस अडचणीत येतं? तिसऱ्या दिवशी त्या बेबाबाईच्या ओट्यावर जाऊन बसल्या. आत बोलावणं आलं नाही. बऱ्याच वेळाने बेबाबाई भाजीचं ताट घेऊन बाहेर आली आणि पलीकडच्या टोकाला बसून निवडू लागली.

"मन्हं चुकनं," लिलाबाई म्हणाल्या. "नाव लिखाना पयले तुले इचारं पाहिजे व्हतं."

बेबाबाईने दोन-तीन देठ मोडले. "मी कागदवर अंगठा देवाव नही," ती म्हणाली. "तठे इसन सांगसू. तोंडवर."

धुळ्याला जाताना बेबाबाई नवं लुगडं नेसली होती. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. आयोगासमोर दुकानाचे वकील आधी उभे राहिले आणि म्हणाले, "बेबाबाई, तुम्ही लिलाबाईंकडे रोज दुपारी कामाला जाता, बरोबर?"

"जास," बेबाबाई म्हणाली. "कामले नही."

"पीठ चाळता ना? मग ते काम नाही?"

"तुमना घर पाव्हना उनात, त तुमनी भावजाई पोया लाटाले बसस. ती नोकर शे का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. वकिलांनी कागद उलटला. "मोबदल्यात तुमचं दळण फुकट होतं, हे खरं आहे?"

बेबाबाई खोटं बोलणार नाही हे लिलाबाईंना माहीत होतं, आणि खरं तेच होतं.

"खरं शे," बेबाबाई म्हणाली. "मी पीठ ना चायं तरी ती फुकटच दयती."

अध्यक्ष बाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं. "लिलाबाई, बेबाबाई तुमच्या कोण?"

वर्षभर घोकलेलं सगळं लिलाबाईंच्या डोक्यातून निघून गेलं. कलम, पोटकलम, स्पष्टीकरण, काही आठवेना. "ते मला सांगता येणार नाही मॅडम," त्या म्हणाल्या. "पण ती आठ महिने माझ्याशी बोलत नाहीये, ती या केसमुळे. नोकराने असं केलं असतं का?"

"बोलत नही, पन अठे उनू ना," बेबाबाई समोर बघत म्हणाली.

निकाल सहा आठवड्यांनी पोस्टाने आला. लिलाबाईंनी तो तीनदा वाचला. भावाने घेतलेली वस्तू त्याच्या संमतीने वापरणारी बहीण ग्राहकच ठरते. निवृत्तीनंतर उदरनिर्वाहासाठी स्वतः मशीन चालवणं हा व्यापारी हेतू नव्हे. शेजारणीने केलेल्या मदतीमुळे त्यात फरक पडत नाही. दुकानाने पंचेचाळीस दिवसांत दोषरहित मशीन द्यावं, जाण्या-येण्याचा खर्चही द्यावा. एवढं सरळ होतं तर दीड वर्ष कशाला लागलं, या विचाराने आनंद व्हायच्या ऐवजी त्यांचं डोकंच तापलं. पितांबरने फोनवर अभिनंदन केलं, तर त्यालाच बोलणी बसली.

कागद घेऊन त्या बेबाबाईकडे गेल्या आणि तिच्यापुरता परिच्छेद वाचून दाखवला.

"शेजारीन लिखेल शे?" बेबाबाईने विचारलं.

"हां."

"शेजारीन त सारी गल्लीच शे," ती म्हणाली आणि आत गेली. पण या वेळी चहा घेऊन बाहेर आली.

नवं मशीन चव्वेचाळिसाव्या दिवशी आलं. बेबाबाई पहिल्याच दिवशी ज्वारीचा डबा घेऊन आली आणि दळणाचे पैसे मोजून मशीनवर ठेवू लागली. उद्या कोणी काही विचारायला नको, म्हणाली. लिलाबाईंनी पैसे परत केले. तिने पुन्हा ठेवले. दोघींचं चांगलंच वाजलं. शेवटी लिलाबाईंनी मशीन सुरूच केलं नाही, आणि बेबाबाई डबा डोक्यावर घेऊन बाजारपेठेतल्या मोठ्या गिरणीवर गेली. आठवडाभर जात राहिली.

पुढच्या सोमवारी दुपारी ती आली, डबा खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"तठे लाइन मोठी शे," ती म्हणाली, आणि भिंतीवरची चाळणी काढून बसली.