कडीतली काडी

“ताई, तुमी आमच्या गावातले बंद दरवाजे मोजाले आल्या का?”

प्रश्न माझा नव्हता. बोरिंगच्या रांगेत रंजीता आणि रिनाने पैज लावली होती : विचारून दाखव, आठवडाभर तुझे पाण्याचे गुंड-हंडे आम्ही भरू. दहावीच्या आधी मी ओढणीचं टोक चघळत बसले असते. आता विचारलं.

पुनमताई हसली नाही. ती नागपूरच्या कॉलेजातली, उन्हाळ्यात दोन महिने सरकारी इंटर्नशिपवर आलेली. काम, घरोघरी नळ द्यायची यादी. तिने टॅब माझ्याकडे वळवला. बासष्ट घरं, त्यातली एकोणचाळीस बंद.

“मी तीन दिवस रोज सकाळी येऊन गेले. नियमाप्रमाणे आता यांना ‘स्थलांतरित’ लिहायचं.”

“म्हंजे?”

“गाव सोडून गेले. नळाच्या यादीतून नाव जाईल. परवा शेवटचा दिवस.”

त्यात आमचंही घर होतं. माझे बाबा लटारूभाऊ तर चामोर्शीच्या बाजाराला गेले तरी दिवस बुडायच्या आत परत येतात. ते स्थलांतरित!

मी तिला आमच्या दाराशी नेलं; रंजीता आणि रिनाही मागोमाग आल्या. कडीत बांबूची काडी खोचलेली होती.

“कुलूप असन तर माणूस गावाले गेला. काडी असन तर इथंच हाय, येऊन राह्यला. बिडीच्या तेंदूपानाचे दिवस हायेत, ताई. मोठे लोक पहाटेच जंगलात जातेत अन् बारा वाजता येऊन ओसरीत पुडके बांधतेत.”

“हे मला कोणी सांगितलंच नाही.”

“तुमी विचारलं कोनाले? दरवाज्याले?”

रिना फिसकन हसली. मग पुनमताईही. पण लगेच तिने टॅबवरची यादी पुन्हा वर-खाली केली. नळासाठी सही घरातल्या मोठ्या माणसाचीच लागते, आणि दोन दुपारींत एकोणचाळीस घरं तिला एकटीला सापडणार नव्हती. यादीत ‘सुगंधाबाई’ दोन आणि ‘गुलाब’ तीन होते.

दुपारी आईबाबा पानांचे भारे घेऊन आले. मी सत्तर पानं मोजून पहिला पुडका बांधला, दुसरा बांधला, आणि हात थांबवले.

“काऊन थांबली?” आई म्हणाली. “संध्याकाळी फडीवर विकाले न्यायचे हायेत. कोन बांधन?”

“आजचे बांधतो. पण उद्या अन् परवा तुमी दोघंच बांधा. मी पुनमताईसंगं एकोणचाळीस घरी फिरणार हाय. पयलं घर आपलंच. बाबा, सही कराले हात धुवून ठेवा.”