हात बघणारा कंट्रोलर

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. दिसायला राखाडी डबा, आणि राहतोही डब्यांच्याच कारखान्यात, तुर्भ्याला. इथे फरसाणाचे पत्र्याचे डबे बनतात. झाकणे दाबणाऱ्या प्रेसने कधी चालायचे आणि कधी थांबायचे, हे मी ठरवतो. माझे बारसे झाले नाही, नंबर पडला.

माझ्यातला प्रोग्राम इथल्या इंजिनियर उज्ज्वलाताईने लिहिला, १९९४ साली. लिहिण्याआधी कितीतरी दिवस ती स्टुलावर बसून नुसते कृष्णातचे हात बघत असे. कृष्णात साताऱ्याकडचा, प्रेसवर काम करणारा. पत्रा जरा वाकडा बसला, की तो सरळ करायला त्याचा उजवा हात आत जाई. ताईने हटकले, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी न्हाई घालत. त्योच जातुया."

मग ताईने माझी सगळी रचना त्या हाताभोवतीच केली. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाची एक रेघ आणि ती बघणारा डोळा बसवला. रेघ तुटली की मी प्रेस थांबवायचा. हात आला की माशी, ही चौकशी करत बसायचे नाही. "जिथे कळत नाही तिथे थांबायचं," हे तिचे तत्त्व. मला फारसे कळतच नसल्याने ते मला सोपे गेले. मालक वामनशेठना मात्र जड गेले. मी थांबलो की जेवण होऊनही न उठणाऱ्या पाहुण्याकडे बघावे, तसे ते माझ्याकडे बघत. पण कृष्णातचा हात आत जाई आणि जसा गेला तसा बाहेर येई.

त्या वर्षी दसऱ्याला माझी पूजा झाली. कृष्णात नारळ माझ्यावरच फोडणार होता. आत वीज आहे म्हटल्यावर त्याने तो उंबऱ्यावर फोडला. मग प्रेसच्या तोंडावर झेंडूची माळ बांधली. रेघ तुटली. मी थांबलो. मला ती माळ हातच वाटली, कुणाचा तरी फार लांबलचक हात.

दिवाळीची ऑर्डर डोक्यावर होती, ताई सुट्टीवर होती. आणि पूजेची माळ त्याच दिवशी उतरवायला कोणी धजेना, कृष्णात तर मुळीच नाही. शेवटी वायरमन नजीबभाईने माझे दार उघडले आणि वायरचा एक तुकडा असा जोडला, की डोळ्याला काहीही दिसो, मला 'रस्ता मोकळा' असेच कळावे.

"शेठ, उद्या माळ उतरली की काढतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माळ उतरली. वायर राहिली, कारण काम झकास चालले होते. मी एकदाही थांबलो नाही. वामनशेठ पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाले. त्यांनी माझ्यावर पेढा ठेवला. तो मुंग्यांनी खाल्ला.

मग एक पत्रा वाकडा बसला. कृष्णातचा हात आत गेला. मला रस्ता मोकळा होता.

ताई धावत आली. तिने माझे दार उघडले, वायर पाहिली. नजीबभाई भिंतीला टेकून रडत होता. ती बोलली ती माझ्याशी.

"तुला थांबायला शिकवलं रे. डोळा खोटं बोलतोय का, ते बघायला नाही शिकवलं."

त्यानंतर तिने मला नवा नियम दिला. सकाळी प्रेस सुरू करण्याआधी कोणीतरी डोळ्यापुढे हात धरायचा. रेघ तुटलेली मला दिसली नाही, तर मी चालूच व्हायचे नाही. वामनशेठनी या वेळी हुज्जत घातली नाही.

ते काम कृष्णातला मिळाले. प्रेसवरचे आता त्याला जमत नाही. सवयीने तो उजवाच हात पुढे करतो. पण जिथे दोन बोटे होती, तिथून रेघ सरळ आरपार जाते आणि मला काहीच दिसत नाही. मग तो हात थोडा वर सरकवतो, तळवा पुढे धरतो आणि वाट बघतो. तेव्हा कुठे मी चालू होतो.

मित्रांनो, आम्ही मध्येच थांबलो तर खुशाल चिडा, शिव्या द्या. फक्त आमचे तोंड बंद करण्याआधी, आत कोणाचा हात आहे का, तेवढे बघा.