बटणांच्या फोनबद्दल मालकाचं मत

रविवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी आबाराव सोनकांबळे यांनी आयुष्यातला सगळ्यात अवघड मेसेज पाठवला आणि त्या क्षणापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. खुर्चीत बसले, उठले. अंगणातल्या पेरूला तासाभरापूर्वीच पाणी घातलं होतं, ते पुन्हा घातलं. आत येऊन फोन पाहिला. दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

मेसेज असा होता: 'गजराबाई, आपण दोघांनी रीतसर विवाह करून यापुढे एकत्र राहावे असे मला वाटते. आपली संमती आहे का?'

आबारावांचं वय त्रेसष्ट. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी धाराशिवला नांदते, तीच गेल्या खेपेला म्हणाली होती, "बाबा, मनात हाय तर विचारून टाका की. झुरत कशाला बसताव?" तरीही विचारायला त्यांना सव्वा महिना लागला, आणि त्यातला एक आठवडा तर 'संमती' हा शब्द ठेवावा की खोडावा यातच गेला. बत्तीस वर्षं तहसील कचेऱ्यांमध्ये टंकलेखक म्हणून काढलेल्या माणसाकडून याहून हळवी भाषा कुणी अपेक्षूही नये.

आता या फोनबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण सगळा घोळ त्यानंच घातला. टाइपरायटरवर बडवून तयार झालेली आबारावांची बोटं. काचेच्या फोनवरही ती तशीच आदळायची. वर्षात दोन काचा फुटल्या, तेव्हा लोहाऱ्याचा मोबाइलवाला वैजनाथ वैतागून म्हणाला, "काका, तुमाला काच न्हाय, बटणं पायजेत." आणि त्यानं एक फोन दाखवला. तळहाताएवढा, वर छोटासा पडदा, खाली बारीक बारीक बटणांच्या चार ओळी. आतून मात्र पक्का स्मार्टफोन.

घेण्याआधी आबारावांनी इंटरनेटवर त्या फोनच्या मालकांची मतं वाचली. थोडी नाही, सगळी एक्केचाळीस. एक म्हणे, बोट एका अक्षरावर ठेवावं तर तीन उमटतात. दुसरा म्हणे, बॅटरी दोन दिवस हलत नाही. कुणाला फोटो धुरकट वाटत होते. एकानं लिहिलं होतं की फोन उत्तम आहे, पण बायको म्हणते खिशात खेळणं घेऊन फिरता. आबारावांनी फोन घेतला आणि पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा, खोटं कशाला सांगा, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोटाखाली काहीतरी हललं होतं.

गजराबाईंची ओळख याच फोनमुळं. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांत उमरग्याच्या बुद्धविहारात दर रविवारी ग्रंथवाचन होई आणि वाचायला लोहाऱ्याहून आबाराव जात. एकदा वाचन संपल्यावर ते कोपऱ्यात बसून टकटक करत होते, तर पुढं एक बाई येऊन उभी राहिली. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर, पंधरा वर्षांपासून विधवा, आवाज असा की कण्हणारा पेशंटही गप्प व्हावा. त्या म्हणाल्या, "ह्यो फोन कसा हाय? दुकानदारावानी न्हाय, मालक म्हणून सांगा."

आबारावांनी दुसऱ्या दिवशी मालक म्हणून दोन पानांचं मत पाठवलं. गुण लिहिले, दोष लिहिले. फोटोत माणूस ओळखू येत नाही हे लिहिलं. बटणांवर मराठी अक्षरं नाहीत, त्यामुळं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, हेही लिहिलं. शेवटी लिहिलं, 'तरीही हा फोन हातात नसला की मला हात रिकामे वाटतात.' गजराबाईंनी पुढच्याच आठवड्यात तसलाच फोन घेतला. मग बटणांवरून दोघांची जी बोलणी सुरू झाली ती बटणांपाशी कुठली थांबायला?

एक गोष्ट मात्र त्या दोन पानांत राहून गेली. या फोनला न विचारता शब्द दुरुस्त करायची खोड आहे. आबारावांच्या फोनची ती खोड वैजनाथनं पहिल्याच दिवशी मोडून टाकली होती, म्हणून ते विसरून गेले. गजराबाईंच्या मेसेजांत अधूनमधून भलताच इंग्रजी शब्द टपकायचा. 'काय करताय'च्या जागी 'ओके करताय' यायचं. आबारावांना वाटे, दवाखान्यातली नोकरी, राहिली असेल इंग्रजीची सवय.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द होता. व्हाय.

म्हणजे, का?

आबारावांना वाटलं, कुणीतरी दारातच छातीवर हात ठेवून आपल्याला थांबवलं. का म्हणजे काय? का ते बाईंना ठाऊक नाही? की बाई रागावल्या? की या वयात हे कुठलं खूळ, असं म्हणायचंय? चहा ठेवला, तो उतू गेला. शेवटी चपला घालून ते वैजनाथच्या दुकानात गेले आणि आपलं नव्हेच असं दाखवत म्हणाले, "वैजनाथ, समजा एखाद्यानं नुसतं 'व्हाय' लिहून पाठवलं. तर ते सहज विचारलं असेल की रागानं?"

वैजनाथ एका फोनच्या पोटात डोकं घालून बसला होता. "पुढं प्रश्नचिन्ह हाय का?"

"नाही."

"मंग रागानंच, काका. शांत माणूस प्रश्नचिन्ह देतो."

झालं. आबाराव घरी आले ते आणखी बावचळून. पण कचेरीत एक गोष्ट अंगात मुरली होती. वरून विचारणा आली की मुद्देसूद खुलासा द्यायचा. ते टेबलाशी बसले आणि लिहू लागले. मध्येच उठत, खिडकीशी जात, परत बसत. चार वाजता खुलासा गेला.

'आपल्या विचारणेच्या अनुषंगाने कारणे पुढीलप्रमाणे: एक, माझ्या जेवणाची आबाळ होते. दोन, आपण सिस्टर असल्याने बीपी-शुगर घरच्या घरी पाहता येईल. तीन, घराच्या तीन खोल्यांपैकी दोन बंद असतात. चार, माझ्या मुलीची काळजी मिटेल. पाच, आपणही एकट्याच असल्याने कोणाची अडचण नाही. सहा, दोघांचा फोन एकच असल्याने एका चार्जरवर भागेल.'

सहावं कारण त्यांना स्वतःला फार आवडलं होतं.

मेसेजपुढं दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे बाईंनी वाचलं. उत्तर आलं नाही. पाच वाजता नाही, सात वाजता नाही, सोमवारी सकाळी नाही. आबारावांनी फोन बंद करून चालू केला. वैजनाथला मेसेज करायला लावून फोन नीट चालतोय ना ते पाहिलं, चालत होता. नऊ वाजता त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि उमरग्याच्या जीपमध्ये जाऊन बसले.

जीप काही सुटेना. आणखी दोन सीट भरल्याशिवाय गाडी हलवणार नाही, असं म्हणत ड्रायव्हर टपरीवर बिडी ओढत होता. आबाराव उतरले, पुन्हा चढले. एकदा तर म्हणाले, दोन्ही सीटचे पैसे मीच देतो, चल बाबा. तेव्हा मागच्या बायका एकमेकींकडं बघून म्हणाल्या, कुणीतरी सिरियस असणार बिचाऱ्याचं.

रिटायर झाल्यावर गजराबाई उमरग्यात हायवेलगतच्या एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंग करायला जात. आबाराव पोचले तेव्हा बाकावर ही गर्दी. त्यांना पाहून गजराबाईंनी भुवईसुद्धा हलवली नाही. समोरच्या माणसाच्या कोपराला पट्टी गुंडाळत त्या म्हणाल्या, "काय दुखतंय?"

"काही नाही. मी आपलं... उत्तर आलं नाही म्हणून."

"कशाचं उत्तर? उत्तर म्या कालच दिलंय, साडेअकराच्या आत."

"तुम्ही 'व्हाय' विचारलंत. त्याचा मी खुलासा—"

"म्या कशाला व्हाय विचारू?" गजराबाईंनी पट्टीला गाठ मारली, ती जरा जोरातच बसली; कोपरवाला कळवळला. "म्या व्हय लिहिलं! व्हय! आपलं साधं व्हय. त्या तुमच्या मेल्या फोननं त्याचं काय केलं ते म्या नंतर बघितलं, तुमचा कागद आल्यावर."

आबारावांचे कान तापले. व्हय. बत्तीस वर्षांत किती माणसं त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली होती. जबाब देताना व्हय म्हणाली होती, आणि आबारावांनी प्रत्येक वेळी 'होय' टंकलं होतं. कागदावर व्हय लिहायचं असतं, लिहिता येतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काल सकाळपासून त्यांच्या खिशात होकार होता आणि ते तो घेऊन गावभर कण्हत हिंडले होते.

"म्हणजे तुमची संमती..." त्यांचा चेहरा उजळू लागला.

"थांबा." गजराबाईंनी हात धुतले, पुसले. आवाज खाली आणला, आणि तो खाली आलेला आवाज जास्त लागला. "म्या दुरुस्त करून दुसरं लिवणार हुते. तेवढ्यात तुमची सा कारणं आली. जेवण. शुगर. चार्जर! आबाराव, पंधरा वर्सं म्या एकटी हाय. जेवण करून घालायला बाई पायजे असणारे तीन जण येऊन गेले. त्यांना दारातूनच परत धाडलं. तुमी तसले वाटला न्हाव म्हणून व्हय लिहिलं. फोनबद्दल इचारलं तर दोन पानं लिहिलीत, जीव वतून. आन् माझ्याबद्दल लिवायची येळ आली तर सा ओळी, त्यात म्या कुठंच न्हाय. माझ्या जागी दुसरी सिस्टर असती तरी चाललं असतं की तुमाला."

खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता, आणि ती कारणं आपणच लिहिलीत याची आबारावांना इतकी शरम वाटली की तोंडातली कचेरी कुठल्या कुठं पळाली.

"परवा सकाळी," ते म्हणाले, "दारात मुंगूस आलं हुतं. मागच्या दोन पायांवर हुबं ऱ्हायलं आन् माझ्याकडं बघितलं. असं, जसं काय त्येच घरमालक. म्या हसलो. आन् हसता हसता डोक्यात पयलं हे आलं की गजराबाईला सांगायला पायजे. कायबी झालं की तसंच हुतंय मला. भाजीवाला भांडला तरी, आन् सपान पडलं तरी. तुमाला सांगितल्याबिगर ते झाल्यावानीच वाटत न्हाय."

"मंग सांगितलं का न्हाय मुंगसाचं?"

"लग्नाचं इचारायचं हुतं ना. त्याच्यामधी मुंगूस कसं घालू?"

गजराबाई एक पाऊल पुढं आल्या. "आन् हे त्या यादीत का न्हाय?"

"हे कारण हाय असं वाटलंच न्हाय मला," आबाराव म्हणाले. "हे तर रोजचंच हाय."

बाकावर कुणीतरी खोकलं. एका ट्रकड्रायव्हरचा अंगठा दारात सापडून चेपला होता. त्याची पाळी होती आणि तो वेदनेनं घामाघूम झाला होता. गजराबाईंनी त्याला आत घेतलं आणि पडदा ओढला.

आबाराव बाकाच्या टोकाशी बसले. शेजारी गुडघ्याला फडकं बांधलेली एक म्हातारी होती. पडद्याआड भांड्यांचा आवाज झाला, ड्रायव्हर 'आई गं' म्हणाला. आबारावांना वाटलं, उठावं आणि सरळ स्टँड गाठावं. त्यांना हेही वाटलं की इथून उठलो तर पुन्हा इथं यायचं तोंड राहणार नाही. ते अर्धे उठले. बसले. फोन काढला आणि न बघताच खिशात घातला.

"आबाराव!" पडद्याआडून आवाज आला.

"जी?"

"व्हय म्हणलं म्या! ऐकू आलं का? आता त्येच्यावर खुलासा नगं!"

अख्खा बाक चपापला.

"काय वं झालं?" म्हातारीनं आबारावांना ढोसलं. "कशाला व्हय म्हणल्या शिष्टर?"

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मुलीखेरीज कुणापाशी हा विषय त्यांनी काढला नव्हता. लोक काय म्हणतील या धास्तीनं वैजनाथलासुद्धा थापा मारल्या होत्या.

"आमचं लगीन ठरलं," आबाराव म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

म्हातारीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, इस्त्रीच्या शर्टासकट.

"मंग हितं काय बसलाव पेशंटावानी?" ती म्हणाली. "आत जावा की!"

आणि नंबर नसताना आबाराव पडदा सारून आत गेले.