मुका मार

मी बाक बोलतोय. लाकडाचा, रुंद, चार पायांचा. शाळेतला नव्हे आणि एसटी स्टँडवरचाही नव्हे. माझ्यावर कुणी बसत नाही, पालथं पडतं. सांगलीत विश्रामबागेत मुलींच्या कबड्डीचं एक मैदान आहे, त्याच्या मागं पत्र्याची खोली आहे, तिथं मी उभा असतो. खेळणाऱ्या पोरींचे आखडलेले पाय आणि भरून आलेले खांदे माझ्यावरच मोकळे होतात.

जन्म माझा मलकापूरचा. नाथाजी सुतारानं मला एका दवाखान्यासाठी केलं. पेशंट बसवायला साधा बाक हवा होता, पण नाथाजी पडला हौशी. बाभळीचे पाय, कडुनिंबाच्या फळ्या, आणि रुंदी एवढी की भिंतीला टेकून बसणाऱ्याचे पाय लोंबकळावेत. डॉक्टर म्हणाले, "हा बाक आहे का बैलगाडी?" आणि घेतला नाही. मग मी नाथाजीच्या दारात पडून राहिलो. माझ्यावर मिरच्या वाळल्या, कोंबड्या बसल्या, आणि नाथाजीच्या सासूनं दुपारभर माझ्यावर लोळून अख्ख्या गावाची उणीदुणी काढली. भिंतीला कान असतात म्हणतात, मग लाकडानंच काय पाप केलंय? तेव्हापासून मला ऐकायची सवय लागली.

तिथून मला महेंद्रनं उचललं, टेम्पोत घातलं आणि सांगलीला आपल्या बायकोपुढं आणून उभं केलं. बायको म्हणजे माया. ती एका मोठ्या दवाखान्यात, हाड मोडलेल्यांना व्यायाम देतात त्या विभागात, बरीच वर्षं मदतनीस होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला मालिश शिकवलं. मालिश म्हटलं की लोकांना तालमीतला गडी आठवतो. पोरींच्या मांडीला हात लावायला गडी कसा चालणार? म्हणून कबड्डीच्या मंडळानं मायाला बोलावलं. तिनं माझ्यावर रग अंथरला आणि पालथं पडणाऱ्याला श्वास घेता यावा म्हणून माझ्या एका टोकाला करवतीनं भोक पाडलं. दुखलं म्हणाल तर दुखलं. पण नंतर त्या भोकातून पोरींची आसवं खाली मातीत पडताना बघितली आणि माझं दुखणं मी विसरलो.

मायाचा हात शिस्तीचा. सामन्याआधी भरभर, सामन्यानंतर सावकाश, आणि नेहमी टाचेकडून वर. तोंडही तसंच चालायचं. "मोठ्यानं ओरडू नको गं, बाहेरच्यांना वाटंल मी सोलतीय तुला."

या खोलीत चौऱ्याण्णव साली सोनिया आली. आटपाडीकडच्या माळावरची पोर. बाप भाऊसो मेंढरं राखायचा, पावसाळा सरला की कळप घेऊन लांब निघायचा. पोरगी लहानपणापासून कळपामागं पळालेली, त्यामुळं पायात वारं होतं. चढाईला गेली की समोरच्या दोघी-तिघींना शिवून परत यायची आणि वर दात काढून हसायची. कॉलेजच्या वसतिगृहात राहायची, सरावानंतर माझ्यावर येऊन आडवी व्हायची आणि मालिश संपायच्या आत घोरायला लागायची.

तिची आई रंगुबाई अधूनमधून एसटीनं यायची. येताना बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. वाडीवर कुणी बाळंत झालं की रंगुबाईलाच बोलावणं जायचं. बाळाला तेल लावून, पायावर घेऊन न्हाऊ घालणं हे तिचं काम. अर्ध्या वाडीचे पाय तिच्या हातानं सरळ झालेले. पहिल्या खेपेला तिनं मायाच्या घरचं पाणी घेतलं नाही. "तान न्हाई," म्हणाली, आणि उन्हानं ओठ तर वाळून गेलेले. पण लेकीचा पाय मायाच्या हाताखाली सैल पडताना बघितला आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला आपणहून म्हणाली, "माया, च्या ठेव गं वाइच." त्यानंतर दोघींचं असं गूळपीठ जमलं की बोलता बोलता एसटी चुकायची.

मायानंच तिला शिकवलं. "मावशी, तुमचा हात लय चांगला हाय. सुट्टीत पोरगी घरी आली की असं चोळत जावा." रंगुबाई दोन्ही हातांनी माझ्यावर भार देऊन चोळायची आणि मायाकडं बघून विचारायची, "असं?" माया मान हलवायची. आईच्या तोंडावर एवढं सुख मी नंतर कधी बघितलं नाही.

आता मुद्द्याचं. संक्रांतीनंतर रेल्वेच्या संघाची निवड होती. निवड झाली की नोकरी. भाऊसोनं लेकीला सांगून ठेवलेलं, "निवड झाली तर नोकरी कर, मी आड येत न्हाई. न्हाई झाली तर चैतात लगीन. पावण्यांना मी शब्द दिलाय." बाप वाईट नव्हता. त्याच्या जिवाला घोर होता, एवढंच. पण रंगुबाईनं जन्मभर मेंढरांमागं पाय तुडवले होते, आणि लेकीच्या वाट्याला ते येऊ नये एवढा एकच ध्यास तिनं धरला होता. मायाला म्हणायची, "माजं गेलं ते गेलं. हिचं तरी पायाखालचं बदलू दे."

दिवाळीनंतर साताऱ्यात सामने झाले. सोनियाची पकड करताना समोरच्या पोरीचा गुडघा हिच्या मांडीत बसला. रक्त नाही, जखम नाही, नुसता मुका मार. पण मांडी टरारून सुजली. मायानं बर्फ लावला, गुडघा वाकवून पट्टी बांधली आणि बजावलं, "याला कुणीही चोळायचं न्हाई. शेकायचं न्हाई. मी सांगंपर्यंत नुसतं पडून राहा."

का चोळायचं नाही ते मात्र सांगायचं राहिलं. घाई होती. दुसऱ्याच दिवशी संघ कोयनानगरला निघाला आणि मायाला बरोबर जाणं भाग होतं. वसतिगृहाचा जिना पोरीला चढवेना, म्हणून माझ्यावरच तिचं अंथरूण घातलं, वाडीला निरोप धाडला आणि सोबतीला रंगुबाई आली.

आईनं पट्टी सोडली, मांडी बघितली आणि तवा शोधायला उठली. वाडीवर ही साधी गोष्ट होती. मुका मार चोळून काढायचा, नाहीतर रक्त साकळतं. आज्यानं पणज्याला चोळलं, पणज्यानं बैलाला चोळलं. तव्यावर मीठ गरम झालं, फडक्यात बांधलं, तेल कडक तापलं.

सोनिया म्हणाली, "आई, बाईनं न्हाई म्हटलंय."

"बाईचं खरं हाय. पर बाई हितं न्हाई आन् सक्रांत आलीया तोंडावर. मी तुजी आई हाय का कोण हाय?"

आणि तिनं चोळलं. मायानं शिकवलं तसंच, दोन्ही हातांचा भार देऊन, टाचेकडून वर. पोरीनं माझी कड घट्ट धरली, तिची नखं माझ्यात रुतली. मला कळत होतं की हे काहीतरी उलटं चाललंय, कारण मायाच्या हाताखाली अंग सैल पडतं आणि हे दगड होत होतं. पण बाकाला कोण विचारतं? शेक बसल्यावर थोडं बरं वाटलं, पोरीला झोप लागली. आईनं माझ्या पायाला पाठ टेकली आणि दमून डोळे मिटले. माया परत येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ हेच चाललं.

माया आली ती दारातच थबकली. खोलीभर तेलाचा वास. "मावशी, चोळलंत?"

"मग? बघ की, दुखणं उतारलंय," रंगुबाई हसून म्हणाली.

माया एवढंच बोलली, "आता नका चोळू." आवाज कोरडा होता. रंगुबाई चहा ठेवायला उठली.

सूज उतरली, पण मांडीत एक टणक गोळा राहिला आणि गुडघा दुमडेना. पुढं दवाखान्यात हाडाचा फोटो काढला. ते सगळं माया माझ्यापाशी उभी राहून महेंद्रला सांगत होती. मांसात हाड धरलंय. आत फुटलेलं रक्त स्थिर राहायचं सोडून चोळण्यानं पसरलं आणि त्याचं हाड झालं. वर्षभर तरी डॉक्टर शस्त्र लावणार नाहीत, आता काढलं तर दुप्पट येतं म्हणे. डॉक्टरांनी हे आत सांगितलं तेव्हा फक्त सोनिया आणि माया होत्या. रंगुबाई बाहेर लेकीच्या चपला सांभाळत बसली होती.

संक्रांत गेली. निवड झाली, दुसऱ्याच कुणाची तरी.

फाल्गुनात मायलेकी वसतिगृहातलं सामान न्यायला आल्या. हळद ठरली होती. ट्रंक दारात ठेवून रंगुबाई माझ्याजवळ उभी राहिली, माझ्यावरनं हात फिरवला आणि खालमानेनं म्हणाली, "माया, खरं सांग. मी चोळलं, त्यानं झालं का गं ह्ये?"

मायाचा ओठ हलला, मला वाटलं आता ही 'व्हय' म्हणणार.

सोनियाच मधे बोलली. "खुळी का काय तू, आई? साताऱ्याच्या पोरीचा गुडघाच तसा बसला हुता. डागतर म्हणलं, चोळलं म्हणून निदान चालतीया तरी."

रंगुबाईनं एवढा मोठा श्वास सोडला की वाटलं, महिनोन् महिने तिनं तो कोंडून धरला होता. पदरानं तोंड पुसलं. आणि मग लेकीला म्हणाली, "तर मग पड जरा. हातासरशी चोळून देती. एसटीत लय आखडंल."

मायानं अडवायला हात पुढं केला होता. सोनियानं तिच्याकडं बघून मान हलवली, नाही म्हणून. न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर ठेवला आणि पालथी पडली. आई चोळत होती, वाडीवरच्या कुणाच्या तरी बाळाचं काहीबाही सांगत होती, आणि पोर त्या भोकात तोंड घालून "हं, हं" करत होती. तिची आसवं खाली पडत होती, ती वरून आईला दिसत नव्हती. माया दारात पाठ करून उभी होती.

त्याला आता चार-पाच वर्षं झाली. माझ्या एका पायाला वाळवी लागलीय, महेंद्रनं खाली वीट सरकवलीय. अजून पोरी येतात. मार लागलेली आली की माया पोरीच्या आधी तिच्या आईला बसवून घेते आणि का चोळायचं नाही ते नीट सांगते. रंगुबाई वाडीवर अजून बाळांना न्हाऊ घालते, असं ऐकतो.

माझे किती दिवस राहिलेत कुणास ठाऊक. म्हणून तुमच्याकडं मागून घेतो. मुका मार लागलेल्या लेकराला चोळू नका, शेकू नका, पडून राहू द्या. हे ज्याला त्याला सांगा, वाडीवस्तीवर सांगा, दारोदार सांगा. फक्त रंगुबाईला सांगू नका.